थोरलीच्या तोडीची बोरमाळ

धाकट्या रुद्रेशच्या साखरपुड्यात दानम्मांनी चार माणसांदेखत शब्द दिला, त्या वेळी आपण काही अवघड बोलून बसलो आहोत असे त्यांच्या मनातही आले नाही. मुलीकडची मंडळी पाटावर बसलेली, पानसुपारी फिरलेली. बोलता बोलता मुलीच्या मावशीने सहज विचारावे तसे विचारले, "अंगावर काय घालणार म्हणायचं?" त्यावर दानम्मा म्हणाल्या, "थोरलीच्या गळ्यात जी बोरमाळ हाय, तिच्या तोडीची धाकटीला. गुंजभर इकडं न्हाई, गुंजभर तिकडं न्हाई."

थोरली सून कावेरी तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात चहाचे ताट धरून उभी होती. तिने ते ऐकले आणि हसली. ते हसू पाहून दानम्मांना बरे वाटले.

या शब्दामागे कारण होते. दानम्मा सून म्हणून तेलगावात आल्या तेव्हा त्यांच्या सासूने मोठ्या जावेला भरीव गोठ घातले होते आणि यांना पोकळ. त्यावरून कधी भांडण असे झाले नाही. पण बोलण्यात खोच आली, खोचेचा अबोला झाला, आणि सहा वर्षांत किराणा दुकानाच्या मधोमध भिंत उभी राहिली. आजही भिंतीपलीकडच्या दुकानात पुतणे बसतात आणि ओळख नसल्यासारखे पाहतात. आपल्या हयातीत थोरला केदारनाथ आणि धाकटा रुद्रेश यांच्या मध्ये तशी भिंत उठू द्यायची नाही, एवढी एकच गोष्ट दानम्मांनी मनाशी धरली होती. दोन्ही सुनांना सारखे द्यायचे म्हणजे द्यायचे. आणि सारखे देणे त्यांना अवघड का वाटावे? त्यांचे यजमान चन्नप्पा शेटे यांचे दुकान तेलगावच्या चौकात चाळीस वर्षे उभे होते. घरातल्या सगळ्यांचे आयुष्य तराजूशेजारी गेले होते. एका पारड्यात हे, दुसऱ्या पारड्यात ते. काटा मध्ये आला की सारखे झाले.

म्हणून फाल्गुनातल्या एका सोमवारी दुकान केदारनाथवर सोपवून चन्नप्पा, दानम्मा आणि कावेरी सकाळच्या गाडीने बीडला निघाली. बोरमाळ कावेरीच्या गळ्यातच होती.

"नमुना जवळ असला म्हणजे डोकेफोड नको," चन्नप्पा वडवणीच्या थांब्यावर म्हणाले. "ही ठेवायची, हिच्यासारखी दे म्हणायचं. दुपारच्या गाडीनं माघारी."

"मामा, साडी घ्यायला गेलतो तवा बी तुमी असंच म्हणलं होतं," कावेरी सासऱ्यांना म्हणाली. "रात्रीची गाडी बी चुकली होती."

"साडीला वजन नसतंय, पोरी. हितं काटा बोलतो."

पहिले दुकान काचेचे, दोन मजली, आत गारवा. काउंटरमागे सायली नावाची तरुण मुलगी उभी होती. तिने खुर्च्या पुढे केल्या, पाणी दिले आणि कावेरीने गळ्यातून काढून दिलेली बोरमाळ हातात घेऊन म्हणाली, "किती छान! अशी हातची माळ आता बघायला मिळत नाही, काकू." मग तिने ती काट्यावर ठेवली. एकवीस ग्रॅम चारशे मिली.

"बघा," चन्नप्पा दानम्मांकडे वळून म्हणाले, "दोन तोळ्याच्या वरच भरली. आता बाई, एवढ्याच वजनाची काढा."

"पण काका, हे वजन लाखेसकट आहे."

"म्हणजे?"

सायलीने समजावून सांगितले. जुन्या बोरमाळेचा मणी म्हणजे सोन्याच्या पातळ पत्र्याची पोकळ गोळी. ती चेपू नये म्हणून आत लाख भरतात. वरून सोने, आत लाख, मधून दोरा.

चन्नप्पांना ते चटकन कळले, कारण ते त्यांच्या धंद्यातलेच होते. "हां, म्हणजे बारदान! गूळ जोखताना आमी बी बारदान वजा करतो. सांगा मग, ह्यात बारदान किती?"

"ते फोडल्याशिवाय कळत नाही, काका."

"अंदाजानं?"

"चार ग्रॅम असेल. बारा पण असेल. आमच्याकडे मशीन आहे, पण ते वरच्या सोन्याचा कस सांगतं. आत काय आहे ते त्याला दिसत नाही." तरीही तिने माळ यंत्राखाली धरली. एका मण्यावर वीस कॅरेट आले, शेजारच्यावर साडेअठरा. "जोडाच्या जागी कमी दाखवतं," ती म्हणाली. "हिच्यावरून पूर्ण माळेचं सांगता येणार नाही."

मग तिने आपल्या माळा काढल्या. मखमली ताटात सहा बोरमाळा मांडल्या आणि दानम्मांचा खरा गोंधळ तेथून सुरू झाला. कावेरीच्या माळेएवढ्या जाड मण्यांची एक होती. ती यंत्रावर घडवलेली, लाखेविना, सोळा ग्रॅमची. तशीच दिसणारी दुसरी साडेदहा ग्रॅमची. दानम्मांनी दोन्ही तळहातांवर दोन माळा ठेवून पाहिल्या. डोळ्यांना फरक दिसत नव्हता. किंमत विचारली तर वजनात होते तेवढे अंतर किमतीत नव्हते. हलकीची घडणावळ ग्रॅममागे बरीच जास्त होती, कारण काम नाजूक.

"हलकीची घडणावळ म्हाग अन् जडची स्वस्त?" चन्नप्पा म्हणाले. "असे फुटाणे इकले तर गिऱ्हाईक चपलेनं मारील मला."

सायली मोकळेपणाने हसली. "काका, फुटाण्याला डिझाइन नसतं ना."

"त्ये बी खरंच."

"बाई, मला एवढंच सांगा," दानम्मा म्हणाल्या, "ह्या सहांतली आमच्या कावेरीच्या माळेच्या तोडीची कोणती?"

सायलीने सहाही माळा पुन्हा एकवार चाळल्या. तिला फसवायचे नव्हते, हे दानम्मांना स्पष्ट दिसत होते. "तुम्हाला कशात सारखी पाहिजे, काकू? दिसायला, वजनाला, सोन्याला, की किमतीला?"

आतापर्यंत दानम्मांना या चार गोष्टी एकच वाटत होत्या.

दुसऱ्या दुकानात गादी होती, तक्क्या होता, आणि भाव ग्रॅममागे कमी होता. पण तेथे घडणावळीखेरीज घट म्हणून वेगळे काही लावत, आणि ती घट कशाची हे मालकाने दोनदा सांगूनही कळले नाही. दानम्मा "दोन तोळे" म्हणाल्या तर त्याने विचारले, "कोणता तोळा, आजी? जुना का धा ग्रॅमचा?" पहिल्या दुकानातला आकडा या दुकानातल्या आकड्याशेजारी ठेवावा तर दोन्ही वेगळ्या भाषा बोलत होते. चन्नप्पांनी खिशातल्या वहीत रेघा मारून दोन रकाने पाडले होते. ते वही मिटून बाहेर आले.

आणि याच दुकानात मालकाने जाता जाता ते वाक्य बोलून टाकले. कावेरीची माळ हातात उडवून तो म्हणाला, "हिच्यात सोनं म्हणजे नावालाच आसंल बघा. त्या टायमाला लई जणांनी लाखच इकली."

बाहेर उन्हात आल्यावर कावेरीने माळ पुन्हा गळ्यात घातली नाही. रुमालात गुंडाळली आणि विचारले, "आत्या, ही कुठून घेतली होती?"

"गहिनीनाथ सोनाराकडून. इथंच, बीडात. गेला तो, दुकानात आता पोरगं मोबाइल इकतंय."

"पावती?"

"चिठ्ठी हाय घरी."

चिठ्ठीवरचा मजकूर दानम्मांना आठवत होता: बोरमाळ एक नग, एकवीस चारशे, खाली एक रक्कम. पण तेव्हा घरातले जुने सोने मोडीत देऊन वरचे पैसे दिले होते, म्हणून त्या रकमेवरूनही काही निघत नव्हते. लाख वजा केली होती की नव्हती? गहिनीनाथाने सोन्याच्या भावाने लाख दिली, की सोन्याचे सोन्याला आणि लाखेचे लाखेला घेतले? पैसे किती दिले ते दानम्मांना अजून आठवत होते. ते कशाचे दिले हे त्यांनी त्या दिवशी विचारलेच नव्हते. मण्यांचा रंग चांगला होता, माळ टपोरी दिसत होती, काट्यावर आकडा आला होता. आणखी काय विचारायचे असते, हे त्यांना आज, अकरा वर्षांनी, कळत होते.

"सोपं हाय," चन्नप्पा म्हणाले. रसवंतीच्या बाकावर बसून त्यांनी विचार पुरा केला होता. "पोत्यातला माल कळाया सगळं पोतं कोण वततंय? टोचणी खुपसायची, मूठभर दाणं काढायचं, पोतं कळलं. एक मणी फोडू. आतली लाख जोखू. एकतीस मणी हायेत. एकतिसानं गुणलं की झालं. मंग तेवढ्या सोन्याची नवी घेऊ. बोल, कावेरी?"

"फोडा की," कावेरी म्हणाली.

दानम्मांना ते रुचले नाही. सुनेच्या गळ्यातला, सवाष्णीचा दागिना हातोडीखाली धरायचा, हे त्यांना अशुभ वाटत होते. पण नको म्हणावे तर का नको म्हणते, असे कावेरीला वाटेल. आणि दुसऱ्या दुकानातल्या त्या वाक्यानंतर तसे वाटू देण्याची सोय राहिली नव्हती. त्या पिशवी उचलून दोघांमागे निघाल्या.

सराफ्यामागच्या बोळात रामकिसन नावाचा म्हातारा कारागीर बसत असे. समोर शेगडी, फुंकणी, चिमटे आणि काचेच्या पेटीत लहान काटा. त्याने माळ उजेडात धरून पाहिली. "गहिनीनाथाचं काम. हात लई साफ व्हता."

"माणूस साफ व्हता का?" चन्नप्पांनी विचारले.

"म्या हाताचं सांगितलं, शेठ."

त्याने दोरा सोडवला, एक मणी उचलला, कापला, शेगडीवर तापवला. लाख वितळून काळसर थेंब निघाला, बोळभर राळेसारखा वास सुटला. राहिलेला पत्रा त्याने पुसून काट्यावर ठेवला. एकोणतीस पॉइंट, ग्रॅमचे शंभर पॉइंट धरून. एका ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी.

चन्नप्पांनी वही उघडली. "एकतीस गुणिले एकोणतीस. नऊ ग्रॅम. बघा, झालं का न्हाई? नऊ ग्रॅम!"

एकवीस म्हणून गळ्यात वागवलेली माळ नऊ झाली. दानम्मांनी कावेरीकडे पाहायचे टाळले.

"शेठ, तसं गुणता यायचं न्हाई," रामकिसन शांतपणे म्हणाला. "ही हातची घडण. येका मण्याचा पत्रा जाड, येकाचा पातळ. साचा न्हाई हिला."

"मंग आणखी एक फोड."

दुसऱ्या मण्यात एकेचाळीस पॉइंट निघाले. त्या हिशेबाने माळ पावणेतेरा ग्रॅमची होत होती. तिसऱ्यात चोवीस; म्हणजे साडेसात ग्रॅम. चन्नप्पांनी तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि पेन्सिल कानामागे खोचून नुसते पाहत राहिले. चाळीस वर्षांत एकाच पोत्यातून तीन टोचण्यांना तीन जातीचे धान्य त्यांना कधी मिळाले नव्हते.

"आता सगळेच फोडा," कावेरी म्हणाली.

"नको गं," दानम्मांच्या तोंडून निघून गेले.

"कावून?"

"माळ ऱ्हायची न्हाई."

"आता बी कुठं ऱ्हायली हाय? कळू द्या की एकदा, आत्या. अकरा वर्षं काय घालून मिरवले ते मला बी कळू द्या. भाचीच्या लग्नात, नारायणगडाच्या जत्रंत. माझी आई दहा जणींना सांगत होती, दोन तोळे घातले म्हणून."

"मला तरी कुठं ठाऊक व्हतं, बाई?"

"मी कुठं म्हणलं तुमाला ठाऊक व्हतं?"

ती हे अगदी हळू आवाजात म्हणाली. त्यात राग असता तर दानम्मांना काही बोलता आले असते. रामकिसनच्या शेगडीकडे पाहतच कावेरीने पुढे म्हटले, "पर पावशेर शेंगदाण्याची पुडी बी तुमी दोनदा जोखता, आत्या."

खरेच होते ते. दानम्मा दोनदा जोखत असत, आणि सुनेला तेच शिकवत असत. त्या पुडी दोनदा जोखतात म्हणून त्यांनी बोरमाळही आतले सोने जाणूनच घेतली असणार, असे कोणीही म्हणेल. आपण त्या दिवशी भुललो, नुसत्या रंगाला आणि आकाराला भुललो, हे सांगायला साक्षीदार कोणी नव्हता. सोनार वारला होता. चिठ्ठी मुकी होती. आणि ज्या माळेला विचारायचे ती तीन मण्यांनी तीन जबाब देऊन बसली होती.

चन्नप्पा काही बोलायला गेले. दानम्मांनी हातानेच त्यांना थांबवले. "फोडा," त्या रामकिसनला म्हणाल्या.

अठ्ठावीस मणी फुटायला पाऊण तास लागला. तिघेही बोळातल्या ओट्यावर बसून राहिले. सगळे आटवल्यावर हाती आला तो बोटाच्या पेरापेक्षा लहान, चपटा गोळा: नऊ ग्रॅम आठशे. कस काढून रामकिसन म्हणाला, "एकुणीसच्या आसपास हाय. बाविसाचं समजून देऊ नका कुणाला."

"ह्याची परत माळ करता येईल का?" दानम्मांनी विचारले. प्रश्नात अर्थ नाही हे विचारतानाच त्यांना कळत होते.

"पत्रा वढीन की. पर आत लाख भरावीच लागंल, बाई. अन् ते टपोरं गोल मणी माझ्यानं व्हायचे न्हाईत."

आता दानम्मांपुढे दोन वाटा होत्या आणि दोन्ही बंद होत्या. नव्या सुनेला, रुद्राणीला, फुटलेल्या माळेएवढे सोने द्यावे, तर साखरपुड्यातल्या त्या मावशीला माळ किडकिडीत दिसणार आणि दिलेला शब्द खोटा पडणार. दिसायला तशीच द्यावी, तर सोने जास्त जाणार आणि कावेरीला आयुष्यभर ते दिसत राहणार. विचार करता करता त्यांना तिसरी वाट सुचली आणि त्या एकदम उठल्या.

"दोन नव्या घेऊ. एकाच साच्यातल्या, एकाच ताटातल्या. एक हिला, एक तिला. जुनंनवं काही ठेवायचंच न्हाई." बोलता बोलता त्यांनी हातातल्या पाटल्या चाचपल्या. "कमी पडंल तिथं ह्या मोडू."

"तुमच्या पाटल्या?" चन्नप्पा म्हणाले.

"मग कोणाच्या? शेजाऱ्याच्या?"

पहिल्या दुकानात सायलीने त्यांना ओळखले आणि पुन्हा पाणी मागवले. गोळा आणि पाटल्या यंत्राखाली गेल्या, आकडे निघाले, वजावट झाली. काय वजा झाले आणि किती, हे दानम्मांनी विचारले, सायलीने नीट सांगितले, आणि अर्धे त्यांना कळले. साडेदहा ग्रॅमच्या जातीतल्या दोन माळा ताटात आल्या. तोच साचा, तीच घडण, तोच शिक्का. दानम्मांना सकाळपासून प्रथमच छातीत मोकळे वाटले. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ताणून धरल्या, लांबीही एकच. मग सवयीप्रमाणे म्हणाल्या, "जोखा."

एक दहा ग्रॅम तीनशे दहा भरली. दुसरी दहा सातशे साठ.

"साचा एकच म्हणता ना?"

"साचा एकच, काकू, पण जोडकाम हातानं होतं. पॉइंटचा फरक पडतोच. दोन दागिने अगदी सारखे कधीच निघत नाहीत."

"आणखी असतील की ह्यातल्या."

आणखी तीन होत्या. पाचही काट्यावर गेल्या, पाच आकडे आले. त्यातल्या सगळ्यांत जवळच्या दोघींमध्येही बत्तीस पॉइंटांचे अंतर राहिले, आणि त्यांतल्या एकीची कडी वेगळ्या घडणीची होती. दानम्मा पुन्हा पहिल्या दोघींवर आल्या.

"जडातला एक मणी काढा," चन्नप्पांनी सुचवले.

"मग मणी कमी होतील ना, काका. एकीचे एकतीस, दुसरीचे तीस."

"हां." चन्नप्पांनी कपाळावरची विभूती पुसली जाईपर्यंत घाम टिपला. "आमच्याकडं असं व्हत न्हाई बघा. आमी चिमूटभर साखर घालतो अन् काटा बसवतो."

दानम्मांनी जड माळ उचलली आणि कावेरीपुढे धरली. "तू थोरली. ही तुझी. फरक किती का असंना, तुझ्याकडं."

हे बोलताना आपण साखरपुड्यातला शब्द मोडतो आहोत, हे त्यांना कळत होते. पण आज एकीकडे झुकायचेच असेल तर ते कावेरीकडे झुकावे, एवढी एकच गोष्ट त्यांच्या हातात उरली होती.

कावेरीने ताटातून दुसरी, हलकी माळ उचलली. चेहऱ्यावर रुसवा नव्हता. उलट, पाहुण्यांदेखत असते तसे व्यवस्थित हसू होते. "मला हीच बरी, आत्या. नव्या माणसाला उणं नको. मला हलक्याची सवय हाय."

"अगं, आसं नको करू. घे ही."

"काय फरक पडतो? दिसायला सारख्याच हायेत की दोनी." तिने माळ सायलीपुढे ठेवली. "ही बांधा माझी."

दानम्मांना तिचा हात धरून ती माळ काढून घ्यावीशी वाटली. पण काय म्हणून काढून घ्यावी? जास्त सोने घे म्हणून सुनेवर जबरदस्ती करणारी सासू या गारव्यात, या खुर्च्यांवर बसलेल्या चार गिऱ्हाइकांना कशी दिसली असती? आणि ती माळ घेऊनही कावेरीने मनातून घेतली नसती. चन्नप्पा खाली पाहून पायातली चप्पल सारखी करत होते.

"काकू, तुमची सून किती समजूतदार आहे हो," सायली मनापासून म्हणाली. "इथे रोज बघते ना मी, मिलीवरून भांडणं होतात."

तिने दोन सारख्या लाल डब्या काढल्या, दोन्ही माळा कापसावर ठेवल्या आणि विचारले, "नावं काय घालू डब्यांवर?"

"ह्याच्यावर कावेरी," कावेरीने स्वतःच सांगितले, "अन् त्याच्यावर रुद्राणी."

सायलीने पेनाने नावे लिहिली. कावेरीने आपली डबी पिशवीत तळाशी ठेवली, दुसरी नीट रुमालात बांधून दानम्मांच्या हातात दिली आणि म्हणाली, "सांभाळून धरा, आत्या. जड हाय."